सिएनाच्या दुओमोला दोन तास पुरतील का?

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फ्लॉरेन्सला चार दिवस मुक्काम, त्यातला एक दिवस सिएनासाठी. सोबत आई (66) आणि बाबा (71), बाबांचा एक गुडघा कुरकुरतो. सिएनाच्या दुओमोला, म्हणजे तिथल्या मुख्य कॅथेड्रलला, दोन तास पुरतील का? तिकीट कुठलं काढायचं? आणि शेवटी हळूच विचारलेलं: 'रोममध्ये तिसऱ्या चर्चनंतर आईने बाहेरच्या बाकावर बसून घेतलं. ख्रिस्ती कथा आम्हाला फारशा माहीत नाहीत, सगळं सारखंच वाटतं. इथेही तसंच होईल का?'

मी सतरा वर्षं मराठी गटांना घेऊन इटलीत जाते, त्यामुळे ते बाकावर बसणं मला चांगलं ओळखीचं आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. तास आणि तिकीट त्यानंतर.

आईंना कंटाळा आला तो कथा माहीत नसल्यामुळे आला, असं मला वाटत नाही. अशा इमारतीत एक इंचही मोकळा सोडलेला नसतो आणि त्यामुळे नजर कुठेच ठरत नाही. सिएनाचा दुओमो तर या बाबतीत कहर आहे. खांबांवर काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे आडवे पट्टे, वर निळ्या छतावर सोनेरी तारे, छताखाली वरच कडेकडेने ओळीने मांडलेले पावणेदोनशेच्या आसपास पोपांचे मातीचे चेहरे, आणि पायाखाली आख्खी जमीन चित्रांनी भरलेली. माणूस आत शिरतो, 'बापरे' म्हणतो, मोबाइल काढतो आणि वीस मिनिटांत दमून बाहेर येतो.

माझ्या पहिल्याच वर्षाची गोष्ट. तेव्हा मी पाठांतर करून गेले होते. गटाला खांब दाखवले, घुमट दाखवला, सालं सांगितली. बाहेर आल्यावर एका काकूंनी विचारलं, "अगं, ती लोकं खाली वाकून काय बघत होती?" त्या दिवशी जमीन उघडी होती आणि आमची तीस माणसं माना वर करून तिच्यावरून चालून आली होती. तेव्हापासून माझा क्रम ठरला: सिएनात आधी खाली बघायचं.

म्हणून तारखेचा मुद्दा आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ही चित्रांची जमीन वर्षभर दिसत नाही. पायांच्या घर्षणाने झिजू नये म्हणून तिचा बराचसा भाग फळ्यांनी झाकलेला असतो. साधारणपणे जूनच्या शेवटापासून जुलैअखेरपर्यंत आणि पुन्हा ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती उघडतात. नेमक्या तारखा दर वर्षी जाहीर होतात, त्या दुओमोच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. तुमचा सप्टेंबरचा तिसरा आठवडा बहुतेक अगदी बरोबर बसतो. या काळात तिकीट थोडं महाग असतं, ते द्या. मार्चमध्ये जाणाऱ्याला मी उत्तर वेगळं दिलं असतं.

आता त्या जमिनीवर आहे काय? छप्पन्न चित्रं. काम चौदाव्या शतकात सुरू झालं आणि दुरुस्त्या-भर धरून एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललं. सुरुवातीची पद्धत साधी होती: पांढऱ्या संगमरवराच्या फरशीवर छिन्नीने रेघा कोरायच्या, गिरमिटाने भोकं पाडायची आणि त्यांत काळं लुकण भरायचं. म्हणजे दगडावर शाईने काढल्यासारखं रेखाचित्र. पुढे रंगीत दगडांचे तुकडे कापून बसवायला लागले, आपण जडावकाम म्हणतो तसं. आणि सोळाव्या शतकात बेक्काफूमी या सिएनाच्याच चित्रकाराने पांढरा, फिका करडा आणि गडद करडा असे दगड शेजारी शेजारी बसवून चक्क छाया-प्रकाश काढला. घुमटाखालची आणि वेदीजवळची त्याची चित्रं बघताना हे दगड आहेत हे विसरायला होतं. बाबांना हातकामाची आवड असेल, तर ही एकच गोष्ट त्यांना सांगून ठेवा: एकाच जमिनीवर कोरण्यापासून जडवण्यापर्यंतचा जवळजवळ दोनशे वर्षांचा प्रवास पायी करता येतो.

आणि आईंच्या 'कथा माहीत नाहीत' याचं उत्तर दारातच आहे. मधल्या दारातून आत गेल्यावर पहिलं चित्र ना येशूचं आहे, ना मेरीचं. ते हर्मीस त्रिस्मेगिस्तस या प्राचीन इजिप्शियन ज्ञान्याचं आहे, 1488 मधलं. उंच टोपी, लांब दाढी, हातातलं पुस्तक समोरच्या दोघांकडे दिलेलं. पुस्तकावर लॅटिनमध्ये लिहिलंय त्याचा अर्थ असा, की इजिप्तच्या लोकांनो, अक्षरं आणि कायदे घ्या. दोन्ही बाजूंच्या वाटांवर ओळीने दहा सिबिल आहेत. या ग्रीक-रोमन जगातल्या भविष्य सांगणाऱ्या बायका. त्यांनी येशूच्या येण्याचं भाकीत केलं होतं अशी त्या काळच्या विद्वानांची धारणा होती. म्हणजे ख्रिस्ती देवळाच्या उंबऱ्यावर बसवलेत ते सगळे बिगरख्रिस्ती. आमच्या गटात हे सांगितलं की लोकांचे खांदे सैल पडतात. 'आपलं इथे काय काम' हा भाव जातो.

पुढे मधल्या वाटेने गेलात की एक चित्र येतं, तिथे मात्र थांबा. पिंतुरिक्कियो या चित्रकाराने 1505 च्या सुमारास आराखडा दिलेलं. एक बेट आहे, त्यावर चढणीची वाट, वाटेवर दगड आणि सरपटणारे प्राणी. काही माणसं नुकतीच होडीतून उतरून वर चालली आहेत. त्यांना इथवर आणणारी बाई म्हणजे दैव. तिचा एक पाय गोल चेंडूवर आहे, दुसरा डोलकाठी मोडलेल्या होडीवर, आणि डोक्यावर वाऱ्याने फुगलेलं शीड तिने एका हाताने धरलंय. म्हणजे दैव तुम्हाला किनाऱ्यापर्यंत सोडतं, पण त्याचा स्वतःचाच पाय स्थिर नाही. वर शिखरावर ज्ञान बसलंय, एका बाजूला सॉक्रेटिस, दुसऱ्या बाजूला क्रातेस नावाचा तत्त्वज्ञ. तो टोपली उपडी करून दागिने समुद्रात ओततोय. एका गटातल्या निवृत्त बँक मॅनेजरांनी हे बघून क्रातेसकडे बोट दाखवलं आणि बायकोला म्हणाले, "हा बघ, याला लॉकर नको." दुओमोत मोठ्याने हसू नये, पण आम्ही हसलो.

घुमटाच्या डाव्या अंगाला हेरोदने केलेल्या बालहत्येचं चित्र आहे, 1481 मधलं. मारेकरी आणि आया एकमेकांत अशा गुंतल्या आहेत की कुठला हात कोणाचा ते कळत नाही. इथे मी कृष्ण आणि कंस एवढंच म्हणते. गादी जाईल या भीतीने राजाने तान्ही बाळं मारली, एवढं कळलं की पुरे. तपशील वेगळे आहेत, पण आईंना पाठ्यपुस्तक लागणार नाही.

जमीन झाली की मान वर करायची ती फक्त दोन ठिकाणी. पहिलं, निकोला पिझानोचं व्यासपीठ. प्रवचनकार उभा राहायचा तो हा अष्टकोनी संगमरवरी मंच, 1265 ते 1268 मधला. निकोलाबरोबर त्याचा मुलगा जोव्हान्नी आणि आर्नोल्फो दी कांबियो हेही काम करत होते, आणि दोघेही पुढे स्वतःच्या नावाने मोठे झाले. बघायचं कसं? खालून. खांब सिंहांच्या पाठीवर उभे आहेत. सिंहांच्या पंजांत शिकार आहे आणि सिंहिणी पिल्लांना पाजतायत. एक सिंहीण नीट बघून घ्या, मग हळूहळू वर जा. वरच्या सात पट्ट्यांत इतकी माणसं कोंबली आहेत की पहिल्या नजरेत दगडाची जाळीच वाटते. कोपऱ्यातला एक चेहरा धरा आणि तिथून शेजारी सरका. सगळी पट्टी एकदम बघायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

दुसरं, पिक्कोलोमिनी ग्रंथालय. डाव्या बाजूच्या वाटेतून दार आहे, छोटं, चुकतं. त्याला लागूनच पिक्कोलोमिनी घराण्याची वेदी आहे. तिच्यासाठी 1501 मध्ये तरुण मायकेलअँजेलोने पंधरा मूर्तींचा करार केला, चार दिल्या आणि फ्लॉरेन्समध्ये डेव्हिडच्या कामाला लागला. सुतार-गवंड्यांचा अनुभव असलेल्या कुणालाही ही गोष्ट आवडते.

ग्रंथालय एका पुतण्याने काकाच्या, नेमकं सांगायचं तर भाच्याने मामाच्या, आठवणीसाठी बांधलं. मामा म्हणजे पोप दुसरा पायस, मूळ नाव एनेआ सिल्व्हियो पिक्कोलोमिनी. भाचा पुढे स्वतः 1503 मध्ये पोप झाला आणि 26 दिवसांत वारला. भिंतींवर पिंतुरिक्कियो आणि त्याच्या मंडळींनी मामाच्या आयुष्याचे दहा प्रसंग रंगवले आहेत. समजा घरातल्या कर्तबगार माणसाचा भव्य अल्बम: तरुण एनेआ घोड्यावरून निघालाय आणि मागे समुद्रावर वादळ, मग स्कॉटलंडच्या राजाचा दरबार, मग सम्राट तिसरा फ्रेडरिक आणि त्याची नवरी यांची सिएनाच्या वेशीबाहेर भेट, पुढे पोपपद, आणि सिएनाच्याच कॅथरीनला संतपद दिलं तो सोहळा. रंग असे ताजे की काल चुना लावल्यासारखे. पायाखाली निळ्यावर पिवळ्या चंद्रकोरी, हे त्या घराण्याचं चिन्ह. दर वेळी एखाद्या काकू "अय्या, चंद्रकोर!" म्हणतात आणि खोलीशी त्यांचं नातं जुळतं. काचेत मोठ्या मोठ्या सचित्र गायनपोथ्या ठेवल्या आहेत, त्यांतली एखादी तरी जवळून बघा.

दोनातेल्लोचा ब्राँझचा संत जॉन, बेर्निनीने केलेली दोन शिल्पं, घुमटाजवळच्या खांबांना बांधलेले दोन लांब खांब (1260 च्या मोंतापेर्तीच्या लढाईतले, त्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सला हरवलं, आणि सिएनाकर ती आजही कालची असल्यासारखी सांगतात), हे सगळं वाटेत दिसलं तर ठीक. शोधत फिरू नका.

इथवर दीड तास. आता बाहेर या आणि बसा. तुम्ही विचारलेल्या दोन तासांत मी शेजारचं दुओमोचं संग्रहालय धरलेलं नाही, आणि संग्रहालय सोडायला माझं मन होत नाही. कारण या देवळाचं हृदय आता देवळात नाही, तिथे आहे.

दुच्चो या सिएनाच्या चित्रकाराने 1308 ते 1311 मध्ये मुख्य वेदीसाठी मेरीचं एक प्रचंड चित्र रंगवलं, 'माएस्ता'. दोन्ही बाजूंनी रंगवलेलं: पुढे सिंहासनावर मेरी आणि भोवती संत-देवदूत, मागे येशूच्या शेवटच्या दिवसांचे छोटे छोटे प्रसंग. 9 जून 1311 ला ते कार्यशाळेतून दुओमोत नेलं तेव्हा गावातली दुकानं बंद होती, घंटा वाजत होत्या आणि हातात मेणबत्त्या घेऊन गाव मागोमाग चाललं होतं. पालखीच आपली. मग 1771 मध्ये ते करवतीने कापून पुढची आणि मागची बाजू वेगळी केली. काही तुकडे विकले गेले आणि लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्कपर्यंत पोचले. उरलेलं मोठं काम या संग्रहालयाच्या अंधाऱ्या खोलीत आहे, आणि तिथे बसायला जागा आहे. बाबांना तिथे बसवा.

मागच्या बाजूतला एकच तुकडा शोधा, म्हणजे पुरे. खाली अंगणात येशूचा शिष्य पीटर शेकोटीजवळ बसून तळपाय शेकतोय. एक मोलकरीण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतेय, हा पण येशूबरोबर होता. तो हात वर करून नाही म्हणतोय. आणि तिच्याजवळूनच एक जिना वर जातो. वरच्या खोलीत त्याच क्षणी येशू चौकशीसाठी उभा आहे. एका जिन्याने दुच्चोने दोन मजले आणि दोन घटना जोडून टाकल्या. चित्रकथीच्या पोथीत एकामागून एक पान उलटतं, इथे तेच एका पानावर आहे. बहुतेक लोक या चित्रासमोरून सोन्याकडे बघत निघून जातात. तुम्ही पीटरचे तळपाय बघा.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर जोव्हान्नी पिझानोच्या मूर्ती आहेत. दुओमोच्या दर्शनी भिंतीवर आता ज्या दिसतात त्या नकला, मूळ इथे. माना विचित्र पुढे काढलेल्या वाटतील, कारण त्या बऱ्याच उंचावर, खालून बघण्यासाठी केलेल्या होत्या. बाबांच्या गुडघ्याची परवानगी असेल तर मूर्तीजवळ थोडं खाली वाकून वर बघा, मान लगेच सरळ होते.

संग्रहालयाची ती इमारतही पुरती इमारत नाही, आणि ही गोष्ट मुलांनाही आवडते. 1339 मध्ये सिएनाने ठरवलं की आत्ताचा दुओमो हा नुसता आडवा भाग ठरेल असा त्याहून अवाढव्य नवा दुओमो बांधायचा. 1348 मध्ये प्लेग आला, गावातली माणसंच राहिली नाहीत, बांधकामात दोष निघाले आणि काम सोडून दिलं. अर्धवट भिंती, उघड्या कमानी आणि एक उंच एकटी दर्शनी भिंत आजही चौकात उभी आहे. त्या भिंतीवर चढता येतं, वरून गाव सुरेख दिसतं. पण वाट अरुंद गोल जिन्याची आहे, पायऱ्या शंभरावर, आणि मधूनच मागे फिरायची सोय नाही. बाबांना नको. तुम्ही जा, ते दोघं खाली कॉफी घेतील. छताखालून नेणारी जी वेगळी वेळ-ठरलेली फेरी असते, तीही त्यांच्यासाठी नाही.

म्हणून तिकिटाबद्दल: दुओमो, ग्रंथालय, संग्रहालय, तळघर आणि बाप्तिस्मागृह यांचं एकत्रित तिकीट मिळतं, तेच काढा, आणि ऑनलाइन काढा. जमीन उघडी असताना रांग लांबते. तळघर 1999 मध्ये दुरुस्तीच्या वेळी सापडलं, तोवर शेकडो वर्षं ढिगाऱ्याने भरलेलं होतं, म्हणून तेराव्या शतकातली चित्रं अजून रंग धरून आहेत. मात्र तळघर आणि बाप्तिस्मागृह दुओमोच्या मागच्या उतारावर, बऱ्याच पायऱ्या उतरून आहेत. दोघांना झेपलं तर जा. बाप्तिस्म्याच्या कुंडावर दोनातेल्लो आणि गिबेर्ती दोघांचं काम शेजारी शेजारी आहे. नाही झेपलं तर हळहळू नका.

दिवस असा लावा. फ्लॉरेन्सहून जलद बस घ्या, सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि ती जुन्या गावाच्या वरच्या टोकाशी सोडते. रेल्वेचं स्थानक खाली दरीत आहे. सरकते जिने आहेत, पण पुढे चालणं वाढतं. सकाळी दुओमो, बाकावर विश्रांती, मग संग्रहालय, मग जेवण. रविवार मात्र टाळा, त्या दिवशी सकाळी प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारी आत सोडतात. गावाचा तो प्रसिद्ध शिंपल्यासारखा चौक संध्याकाळी बघा, तेव्हा विटा तापत नाहीत आणि खाली बसता येतं. शाकाहारी असाल तर पीची नावाच्या जाड शेवया चीज आणि मिरीत मिळतात, पोट भरतं.

कपड्यांचं एकच: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईंना ओढणी पुरेल, बाबांना पूर्ण पँट. आणि एक छोटी दुर्बीण घ्या, पक्षी बघायची असते तशी. वरचे पोप बघायला नव्हे, ते राहू देत. व्यासपीठाच्या वरच्या पट्ट्या आणि दुच्चोच्या वरच्या ओळीतले तुकडे तिच्याशिवाय नीट दिसत नाहीत. माझ्या पिशवीत ती कायम असते, आणि गटातल्या ज्या कोणाला 'मला चर्च-बिर्च नको' वाटत असतं, त्यांच्या हातात मी ती आधी देते. आईंच्या हातात द्या.